राजा अमोघवर्ष

इंग्लंडच्या इतिहासांतील आल्फ्रेड राजाची गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांनीं वाचलेली असते. उत्तर समुद्रापलीकडील डेन लोक नौका भरभरून येत, गांवें जाळीत, मठ लुटीत. अशा धामधुमींत इ. स. ८७१ मध्यें वडील भाऊ वारल्यामुळें वेसेक्सचें राज्य तरुण आल्फ्रेडच्या माथीं आलें. त्या एका वर्षांत तेथील सैन्यास शत्रूशीं नऊ वेळां झुंजावें लागलें, असें तेव्हांचे बखरकार सांगतात. पुढें या राजानें डेनांस आवर घातला, कायदे लिहविले, आणि लॅटिन ग्रंथ आपल्या लोकांना समजेनात म्हणून स्वतः त्यांचें भाषांतर करावयास बसला. असे राजे कोणत्याही देशांत विरळाच.

विद्यार्थिमित्रहो, त्याच ८७१ सालीं आपल्या या मुलखावर कोणाचें राज्य होतें, असें विचारलें तर पुष्कळांस सांगतां येणार नाहीं. उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. जामसरहून वायव्येकडे निघून डहाणू-तलासरीचा मुलूख ओलांडला म्हणजे गुजरातच्या हद्दींत संजाण लागतें. पारशी लोकांची या देशांतील जुनी वस्ती म्हणून त्या गांवाचें नांव सर्वांच्या कानांवरून गेलेलें असतें. १९६० पर्यंत हें गांव ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. तेथें तांब्याचे पत्रे सांपडले. त्यांवर संस्कृत भाषेंत एक दानपत्र कोरलेलें आहे. डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं तें वाचून प्रसिद्ध केलें. त्यावर शक ७९३ घातला आहे, म्हणजे इ. स. ८७१, आल्फ्रेड गादीवर आला तेंच वर्ष. दान देणारा राजा मात्र नवखा नव्हता. त्याला राज्य करूं लागून सत्तावन वर्षें लोटलीं होतीं. हा राजा म्हणजे राष्ट्रकूट वंशांतील अमोघवर्ष. तोही ग्रंथकार होता, त्यालाही पोरवयांत संकटें भोगावीं लागलीं, आणि त्याचीही राज्य करण्याची रीत इतर राजांहून वेगळी होती. म्हणून त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगराचे स्वामी म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजे मराठवाड्यांतील लातूर होय, असें विद्वान् मानितात. वेरूळचें कैलास लेणें ज्या कृष्णराजाच्या काळचें, तो अमोघवर्षाचा पणजा. बाप तिसरा गोविंद हा तर त्या वंशांतील सर्वांत पराक्रमी पुरुष. त्यानें उत्तरेकडील गुर्जर-प्रतीहार राजाचा मोड केला, बंगालच्या धर्मपालास नमविलें, आणि त्याचे घोडे हिमालयांतील झऱ्यांचें पाणी प्याले, असें संजाणचा ताम्रपट मोठ्या अभिमानानें सांगतो. या स्वारीवरून परततांना पावसाळा लागला, म्हणून नर्मदेच्या बाजूस श्रीभवन येथें त्यानें छावणी केली. हें गांव म्हणजे भडोच जिल्ह्यांतील सरभोण असें समजतात. त्या छावणींत त्याला मुलगा झाला. मुलाचें नांव शर्व. अमोघवर्ष, नृपतुंग, वीरनारायण, अतिशयधवल हीं सारीं त्याचीं पुढचीं बिरुदें होत. त्यांपैकीं अमोघवर्ष हेंच लोकांच्या तोंडीं राहिलें.

इ. स. ८१४ मध्यें गोविंदराजा वारला. मुलगा अजून पोरवयांतच होता. मोठें साम्राज्य लहान मुलाच्या हातीं आलें म्हणजे काय होतें, तें निराळें सांगावयास नको. बाप मरतांना तजवीज करून गेला होता. गुजरातेंत त्याच्या भावाचा मुलगा कर्क हा राज्यकारभार पाहत असे. त्याच्यावर मुलाचें पालकत्व सोंपविलें होतें. पहिलीं दोन-तीन वर्षें बरीं गेलीं. मग एकाएकीं सामंत फिरले, मंत्री फितूर झाले, आणि ज्यांनीं पाठीशीं उभें राहावयाचें ते आप्तही त्यांना मिळाले. बालराजाचें सिंहासन गेलें. ८१६ च्या ताम्रपटांत या बंडाचा मागमूस नाहीं, आणि ८२१ च्या ताम्रपटांत बंड मोडल्याची हकीकत आहे; म्हणजे तो वनवास या दोहोंच्या मधला. त्या मुलानें ते दिवस कसे काढले असतील! आल्फ्रेडला अथेल्नीच्या दलदलींत लपून राहावें लागलें तेव्हां तो निदान जाणता पुरुष होता.

या प्रसंगीं कर्क धांवून आला. त्याच्या हातीं गुजरातचें सैन्य होतें, आणि साम्राज्याच्या गादीवर बसलेला मुलगा पदच्युत झालेला. त्याच्या मनांत असतें तर ती गादी त्यानें स्वतः घेतली असती. राजघराण्यांत असें पुष्कळदां झालेलें आहे. त्यानें तें केलें नाहीं. बंडखोरांस मोडून त्यानें आपल्या चुलत भावास पुनः सिंहासनावर बसविलें, आणि आपण गुजरातेंत परत गेला. या एका माणसाच्या इमानावर अमोघवर्षाचें सारें पुढील आयुष्य उभें राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिचा धागा पुढें पुनः लागावयाचा आहे.

राज्य परत मिळालें तरी शत्रु सरले नव्हते. पूर्वेस गोदावरी-कृष्णा यांच्या मुखाजवळ वेंगीचे चालुक्य होते. तेथील विजयादित्य राजानें राष्ट्रकूटांच्या या पडत्या काळाचा फायदा घेतला. बारा वर्षें रात्रंदिवस झुंजून एकशें आठ लढाया केल्याची आणि तितकींच शिवालयें बांधल्याची त्याची कीर्ति त्याच्या वंशजांनीं कोरून ठेविली आहे. आंकड्यांत कांहीं कविकल्पना असेल, पण मार खाल्ला तो राष्ट्रकूटांनीं यांत शंका नाहीं. पुढें विंगवल्ली येथें अमोघवर्षानें चालुक्यांचा मोठा पराभव केला. सांगलीस सांपडलेल्या त्याच्या वंशजाच्या ताम्रपटांत या संहाराचें वर्णन आहे. चालुक्यरूपी समुद्रांत बुडालेली कुळाची लक्ष्मी वराहरूपी विष्णूप्रमाणें वर काढली, म्हणून तो वीरनारायण म्हणवूं लागला.

दक्षिणेस म्हैसूरकडील गंग राजांशीं तर वीस वर्षें वैर चाललें. या युद्धांत मुकुल कुळांतील बंकेय नांवाचा सेनापति पुढें आला. बनवासीचा प्रांत त्याच्याकडे होता; धारवाडच्या बाजूचें बंकापूर त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. बंकेयानें कावेरी ओलांडून गंगांच्या मुलखांत मुसंडी मारली. तो विजयाच्या अगदीं जवळ आला असतां राजाचा निरोप आला कीं, माघारीं ये. राजधानीजवळ बंड उठलें होतें, आणि या खेपेस बंडखोरांत खुद्द राजपुत्र सामील होता! बंकेयानें प्रतिज्ञा केली कीं, तीन महिन्यांत शत्रूंचा निःपात झाला नाहीं तर आपण अग्निप्रवेश करूं. तो येतांच राजपुत्रानें बंडखोरांची साथ सोडली, आणि बंड मोडलें. गंगांचा बीमोड मात्र राहून गेला. अमोघवर्षानें पुनः ती मोहीम काढली नाहीं. त्यानें आपली कन्या चंद्रब्बलब्बे ही गंग राजपुत्र बूतुग यास दिली आणि वैर मिटविलें. कित्येक इतिहासकारांस हा दुबळेपणा वाटतो. प्रस्तुत लेखकास तसें वाटत नाहीं. वीस वर्षें लढून जें साधलें नाहीं तें एका लग्नानें साधलें, आणि त्या सरहद्दीवरील शेतकऱ्यांचीं घरें जळावयाचीं थांबलीं.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बापानें उत्तरेंत मिळविलेला दरारा मुलानें राखला नाहीं. कनोजचा भोज प्रतीहार बलाढ्य झाला, आणि त्याच्याशीं सामना देण्याचें ओझें गुजरातच्या राष्ट्रकूटांवर पडलें. स्वतः अमोघवर्ष उत्तरेकडे कधीं धड गेलाच नाहीं.

आणि गुजरातचें नांव निघालें म्हणजे सर्वांत दुःखाची हकीकत सांगणें प्राप्त आहे. कर्क वारल्यावर त्याचा मुलगा ध्रुव तेथें राज्य करूं लागला. ज्या कर्कानें गादी मिळवून दिली, त्याच्याच मुलाशीं अमोघवर्षाचें वांकडें आलें. युद्ध पेटलें. ध्रुव त्या युद्धांत सम्राटाच्या सैन्याशीं लढतां लढतां पडला. त्याच्या मुलानें, अकालवर्षानें, बापाचें राज्य परत घेतलें; पण झगडा थांबला नाहीं. सुमारें पंचवीस वर्षें एकाच कुळाचे लोक एकमेकांचें रक्त सांडीत होते. शेवटीं कर्काचा पणतू दुसरा ध्रुव याच्या वेळीं उत्तरेकडून भोजाचें संकट आलें, आणि दोघांनाही शहाणपण सुचून तह झाला. ८६७ च्या बगुम्रा ताम्रपटांत या ध्रुवानें गुर्जरांचें सैन्य पिटाळल्याचें लिहिलें आहे.

आतां तो मघांचा धागा. या साऱ्या रक्तपातानंतर चार वर्षांनीं संजाणचा ताम्रपट कोरला गेला. राजांच्या ताम्रपटांत स्वतःच्या कुळाची स्तुति असावयाची, मानहानीचे प्रसंग गाळावयाचे, हा सर्वत्रचा प्रघात. अमोघवर्ष साठी ओलांडून गेलेला. पन्नास वर्षांपूर्वीं आपण पोर असतांना आपलें राज्य गेलें होतें, ही गोष्ट त्याला सहज गाळतां आली असती; कर्काच्या मुलाशीं झालेल्या वैरामुळें तर गाळण्यास कारणही होतें. परंतु त्या तांब्यावर सामंतांची, मंत्र्यांची व आप्तांची फितुरी स्पष्ट नमूद आहे, आणि पाताळमल्ल नांवाच्या पुरुषानें आपणांस राज्य परत मिळवून दिलें हेंही नमूद आहे. हा पाताळमल्ल म्हणजे कर्कच, असें विद्वानांचें मत आहे. मुलाशीं लढाई झाली तरी बापाचें ऋण राजानें खोडून टाकलें नाहीं.

त्याच ताम्रपटांत आणखी एक अद्भुत प्रसंग आहे. लोकांवर कांहीं मोठें अरिष्ट आलें असतां तें टळावें म्हणून अमोघवर्षानें आपल्या डाव्या हाताचें बोट कापून महालक्ष्मी देवीस अर्पण केलें. शिबि, दधीचि, जीमूतवाहन यांच्या दानांशीं कवीनें त्याची तुलना केली आहे. महालक्ष्मी म्हटली कीं आमच्या भागांतील मुलांस डहाणूजवळची, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेची महालक्ष्मी आठवेल. पण ताम्रपटांतील देवी ती कोल्हापूरची, असें बहुतेक पंडित समजतात. बोट कापल्यानें अरिष्ट टळतें असें आज कोणी म्हणणार नाहीं, आणि कोणी तसा विचारही मनांत आणूं नये. तरी प्रजेच्या दुःखापायीं स्वतःच्या देहास इजा करून घेणारा राजा लोकांनीं सहजासहजीं विसरावा असा नव्हता. विशेष हें कीं, याच राजानें जैन आचार्य जिनसेन यांस आपले गुरु मानिलें होतें. जिनसेनांचे शिष्य गुणभद्र यांनीं आपल्या पुराणांत लिहून ठेविलें आहे कीं, गुरूंच्या चरणांवर मस्तक ठेविल्यानें राजा स्वतःस पवित्र समजे. गुरु जैन, बोट देवीला, आणि संजाणच्या ताम्रपटानें दिलेला गांव कऱ्हाडहून आलेल्या चार ब्राह्मणांना! धर्माधर्मांतील तंट्यांच्या गोष्टी ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्यांस हें वाचून बरें वाटेल.

त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांतलें आजचें मालखेड. इंद्राच्या नगरीस लाजविण्यासाठीं तें शहर अमोघवर्षानें वसविलें, असें त्याच्या वंशजांच्या कऱ्हाड येथील ताम्रपटांत म्हटलें आहे. आज तेथें कागिणा नदीच्या कांठीं पडका किल्ला आहे. त्या काळीं मात्र दूरदूरचे व्यापारी या राज्यांत येत. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी प्रवासवर्णनांत जगांतील चार मोठे राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा बादशहा, आणि चौथा बल्हरा. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट राजांची पदवी. अरब व्यापाऱ्यांवर या राजांचा लोभ असे, असेंही तेथें लिहिलें आहे. आल्फ्रेडचें नांव त्या यादींत येण्याचा संभव नव्हता; तो तेव्हां दोन-चार वर्षांचें बाळ होता.

या दरबारांत विद्येला मोठा मान होता. महावीर नांवाच्या जैन पंडितानें गणितसारसंग्रह हा ग्रंथ या काळीं लिहिला, आणि आरंभीं नृपतुंग राजाचें गुणगान केलें. अपूर्णांक, त्रैराशिक, क्षेत्रफळ, खोदकामाचें माप हे जे विषय आमच्या विद्यार्थ्यांस परीक्षेच्या वेळीं घाम फोडतात, ते सारे त्यांत आहेत. १९१२ मध्यें मद्रासेस त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. शाकटायनानें संस्कृत व्याकरण रचलें आणि त्यावरील टीकेस राजाच्या नांवावरून अमोघवृत्ति असें नांव दिलें. कविराजमार्ग हा कानडी भाषेंतील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना ग्रंथ याच दरबारांतला. तो राजानें स्वतः लिहिला कीं श्रीविजय नांवाच्या त्याच्या दरबारी कवीनें, याबद्दल पंडितांत वाद आहे. कावेरीपासून गोदावरीपर्यंत कानडी देश पसरला आहे, असें त्यांत म्हटलें आहे. आपल्या मराठीस त्या वेळीं दगडावर स्थान मिळावयाचें होतें. अलिबागजवळील आक्षीचा मराठी शिलालेख १०१२ चा, म्हणजे पुढें दीडशें वर्षांनंतरचा. आपल्या लोकांच्या बोलीला ग्रंथांत बसविण्याची हौस आल्फ्रेडनें तिकडे दाखविली, तीच इकडे या दरबारानें कानडीच्या बाबतींत एक पिढी आधीं दाखविली.

राजाच्या नांवावर निर्विवाद म्हणावी अशी रचना प्रश्नोत्तररत्नमालिका, असें म्हणावें तर तिच्यावरही इतरांनीं हक्क सांगितले आहेत. ही लहानशी संस्कृत पोथी प्रश्नोत्तररूपानें नीति शिकविते. तिच्या अखेरच्या श्लोकांत, विवेकानें राज्य सोडलेल्या अमोघवर्ष राजानें ती रचली असें सांगितलें आहे. तिचें तिबेटी भाषेंत फार पूर्वीं भाषांतर झालें, आणि त्यांतही कर्ता म्हणून राजाचेंच नांव आहे. यावरून पारडें राजाच्या बाजूस झुकतें.

राज्य सोडलेला राजा, हे शब्द नुसते शोभेचे नव्हेत. संजाणच्या ताम्रपटांतही अमोघवर्षानें एकदां नव्हे, अनेकदां आपलें राज्य सोडल्याचें आहे. म्हणजे मधून मधून तो कारभार युवराजाच्या व मंत्र्यांच्या हातीं देऊन एकांतांत जाऊन बसे, आणि कांहीं निकड लागली म्हणजे परत येई. ताम्रपटाच्या कवीनें येथें एका गुप्त राजाची आठवण काढली आहे, आणि ती चांगल्या अर्थानें नव्हे: त्या दात्या म्हणविणाऱ्या राजानें भावास मारून त्याचें राज्य व राणी बळकाविली, आणि आमच्या राजानें स्वतःचें राज्यही तृणवत् लेखलें. दुसऱ्या घराण्याच्या राजाची उणीदुणीं काढण्याची ही भाटांची रीत आम्हांस रुचत नाहीं. पण मुद्दा खोटा नाहीं. ज्याचें राज्य पोरपणीं एकदां हिसकावून घेतलें गेलें, त्याला पुढें तें घट्ट धरून ठेवावें असें वाटावयास हवें होतें. अमोघवर्षाचें मन उलट वळलें.

आपल्या कोंकणांत त्याच्या वतीनें शिलाहार घराण्याचे सामंत कारभार पाहत. कान्हेरीच्या लेण्यांत पुल्लशक्ति व त्याचा मुलगा कपर्दी यांच्या वेळचे शिलालेख आहेत, आणि त्यांत सम्राट् म्हणून अमोघवर्षाचें नांव आहे. पहिला शक ७६५ चा, म्हणजे ८४३ चा. त्यानंतरच्या लेखांत, गौड देशाहून, म्हणजे थेट बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या बौद्ध उपासकानें तेथील भिक्षूंच्या निवासासाठीं व वस्त्रांसाठीं शंभर द्रम्म ठेविल्याचें लिहिलें आहे. बंगालचा माणूस कोंकणांतल्या डोंगरावर येऊन निर्धास्तपणें पैसे ठेवतो, यावरून तेव्हांच्या बंदोबस्ताची कल्पना यावी. शेवटचा लेख शक ७९९ चा, ८७७-७८ चा. पुल्लशक्ति जाऊन कपर्दी आला, तोही पिकला. वर नांव अजून अमोघवर्षाचेंच! चौसष्ट वर्षांचें राज्य झालें होतें. तिकडे ८७८ च्या वसंतांत आल्फ्रेडनें एडिंग्टनच्या लढाईंत डेनांचा मोड करून आपलें गेलेलें राज्य सांवरलें. इकडे अमोघवर्षाचें नांव त्याच सुमारास लेखांतून दिसेनासें होतें आणि त्याचा मुलगा कृष्ण याचें नांव येऊं लागतें.

या कृष्णराजानें संजाणचा प्रांत ज्याच्या स्वाधीन केला तो अधिकारी मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे मुसलमान होता. त्याचें मूळ नांव महंमद असावें. त्याची हकीकत १९५५ मध्यें डहाणू तालुक्यांतील चिंचणी येथें सांपडलेल्या ताम्रपटांत, ९२६ च्या लेखांत, आहे. संजाणच्या दोन ओढ्यांवर लोकांना पलीकडे जाण्यासाठीं त्यानें फुकट नावा चालविल्या, आणि एक अन्नसत्र घातलें. तेथें येणाऱ्याजाणाऱ्यांस भात, कालवण व तूप मिळत असे.